नागपूरच्या उन्हात रोलर डायनो : रिमॅपच्या आधी आणि नंतर नेमकं काय तपासायचं?

वर्धारोड_टीएसआय

नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, सगळं कंपनीचं. कंपनीचा आकडा ११० पीएस (पॉवर) आणि १७५ एनएम (टॉर्क). स्टेज १ रिमॅप, म्हणजे पार्ट न बदलता नुसतं इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलणं, करायचा आहे. ट्यूनर १३० च्या वर पीएस आणि २२० एनएमच्या आसपास सांगतोय. हिंगणा एमआयडीसीकडे एका शेडमध्ये रोलरचा डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) आहे, आधी आणि नंतर असे दोन्ही रन तिथेच घेऊन छापील ग्राफ हातात देऊ म्हणतो.

माझे प्रश्न असे. डायनो कोणत्या प्रकारचा आहे हे कसं ओळखायचं आणि त्यानं फरक काय पडतो? सध्या दुपारी ४४-४५ चालू आहे, नवतपा तोंडावर आहे. अशा उन्हात घेतलेल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा का? शेडमध्ये दोन मोठे डेझर्ट कूलर लावलेत, त्यांचा उपयोग होतो का? गाडी नेण्याआधी काय तपासून न्यायचं? आणि रोलरवर असताना इंजिनला धोका कशातून असतो?

ट्यूनरनं नमुना म्हणून याच मॉडेलचा, रिमॅप न केलेल्या गाडीचा एक ग्राफ पाठवलाय. त्यावर ४००० आरपीएमला टॉर्क १७२ एनएम आणि पॉवर १०९ पीएस दिसतेय.

लोडसेल_आणि_रोलर

आधी तो ग्राफ. टॉर्क एनएममध्ये आणि पॉवर पीएसमध्ये असेल तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२३ बरोबर पॉवर, यात सूट नाही. १७२ × ४००० ÷ ७०२३ म्हणजे ९८ पीएस. ग्राफवर १०९ आहे. ११ टक्क्यांचा हा फरक पीएस आणि बीएचपीच्या घोळातून येत नाही, तो जेमतेम दीड टक्क्याचा असतो. बहुतेक टॉर्क चाकावरचा छापलाय आणि पॉवरमध्ये ट्रान्समिशनचा तोटा परत मिळवून ती ‘इंजिनची’ करून दाखवलीय. दोन्ही रेषा एकाच ठिकाणच्या मागा. चाकावरच्याच मागितल्या तर उत्तम, कारण मोजमाप खरं तिथेच होतं, पुढचं सगळं गणित.

या हिशेबात एक गोष्ट मात्र सापडत नाही : आरपीएमच चुकीचा घेतला असेल तर. रोलर मोजतो तो बल आणि वेग, त्यावरून निघालेली पॉवर बरोबरच येते. टॉर्क मात्र पॉवरला आरपीएमनं भागून काढतात. आरपीएम १० टक्के कमी नोंदला गेला तर टॉर्क साधारण ११ टक्के फुगतो आणि वरचं सूत्र तरीही जुळतं. तुमच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, चिमटा लावायला प्लगची वायर नाही, त्यामुळे आरपीएम ओबीडीवरून (गाडीचं डायग्नोस्टिक सॉकेट) घेतात किंवा चौथ्या गिअरमध्ये ३००० वर धरून सॉफ्टवेअरला सांगतात. तपासायला सोपं आहे. ग्राफवर लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) कुठे लागला ते बघा आणि मीटरवरच्या लिमिटरशी ताडून घ्या.

आता यंत्र. इनर्शियावाल्यात जड ड्रम असतो, तो किती लवकर वेग घेतो त्यावरून पॉवर काढतात. एडी करंटवाल्यात रोलरच्या शाफ्टला विद्युतचुंबकी ब्रेक असतो आणि ब्रेकच्या हाताखाली लोडसेल (बल मोजणारा सेन्सर). ओळखायचं असेल तर ऑपरेटरला एवढंच विचारा, ‘२५०० वर फुल थ्रॉटलला धरून ठेवता येईल का?’ इनर्शियावर ते जमत नाही. टर्बो गाडीला हा फरक मोठा आहे. ड्रम हलका असला की इंजिन सरसर वर चढतं, टर्बोला बूस्ट (हवेचा वाढीव दाब) बांधायला वेळ मिळत नाही आणि खालचा टॉर्क कमी दिसतो. ब्रेकवाल्यावर रन किती सेकंदांचा ठेवायचा ते ठरवता येतं. १५०० ते ६००० ला १० ते १२ सेकंद ठीक. आधी आणि नंतर तोच वेळ ठेवा. वेळ बदलला की चाकं, गिअरबॉक्स, फ्लायव्हील यांना फिरवण्यात जाणारी ताकद बदलते आणि आकडाही.

लोडसेलचं कॅलिब्रेशन समोर करायला सांगायला लाजू नका. १ मीटरच्या हातावर २० किलोचं वजन टांगलं की १९६ एनएम दिसायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे.

उन्हाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. छापील आकडा बहुतेक वेळा ‘करेक्टेड’, म्हणजे ठरावीक हवामानावर गुणकानं आणलेला, असतो. एसएई जे१३४९ या मानकाप्रमाणे हवा २५ अंश आणि कोरडा दाब ९९० मिलिबार धरतात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, मे महिन्यात दाब ९७० च्या आसपास, त्यातून बाष्पाचे १५ वजा करा, उरले ९५५. तापमान ४३ धरलं तर गुणक येतो जवळपास १.०८. हीच गाडी डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत लावली तर गुणक जेमतेम १.००. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी प्रत्येक आकड्यात ८ टक्के सॉफ्टवेअर घालतंय. आयएसओ १५८५ मध्ये पेट्रोल इंजिनासाठी हा गुणक ०.९३ ते १.०७ च्या आत धरलाय. आपली दुपार त्या हद्दीच्या बाहेर जाते.

त्यात हे सूत्र नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनाच्या कलानं आहे. तुमचा ईसीयू मॅनिफोल्डमधल्या दाबाचं निरपेक्ष लक्ष्य ठेवतो. बाहेरचा दाब कमी पडला की टर्बोला जास्त फिरवून बरीच भरपाई तो स्वतःच करतो. वर सॉफ्टवेअरनं आणखी ८ टक्के दिले की ११० ला आठ-नऊ पीएस फुकटचे मिळतात. म्हणून टर्बो गाडीसाठी अनकरेक्टेड आकडा मागा आणि त्याशेजारी तापमान, दाब, आर्द्रता छापून घ्या. डीआयएन (जर्मन मानक) निवडलं तर २०° आणि १०१३ मिलिबार धरतात, आकडा आणखी २-३ टक्क्यांनी वाढतो. आधीचा रन एसएईवर आणि नंतरचा डीआयएनवर, असं झालेलं नाही ना, हे कागदाच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत बघा.

आणि डायनोचा तापमानाचा प्रोब कुठे टांगलाय तेही बघा. बॉनेटजवळ गरम हवेत ठेवला आणि १० अंश जास्त वाचले की गुणक सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. प्रोब इंजिन जी हवा ओढतं त्याच हवेत, पण गाडीच्या उष्णतेपासून लांब हवा.

रॅचेट_भाऊ

वरचं सगळं बरोबर. कूलरचं मी सांगतो, कारण हे प्रकरण आपल्याकडचंच आहे.

मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून कूलर खरंच काम करते. ४३ ची हवा ३० वर येते. हवा त्यानं सुमारे ४ टक्के दाट होते, पण बाष्प वाढल्यानं एक-सव्वा टक्का परत जातो. निव्वळ फायदा तीनेक टक्के. अट एकच, कूलरची हवा इंटेकपर्यंत पोहोचली पाहिजे आणि प्रोबनं तीच हवा वाचली पाहिजे. प्रोब शेडच्या दारात ४३ वाचून राहिला आणि इंजिन कूलरची ३० ची हवा ओढून राहिलं, तर करेक्शन सरळ खोटं. पावसाळा लागला की हे संपलं, तेव्हा कूलर नुसती ओल वाढवते.

पण कूलर म्हणजे डायनोचा पंखा नव्हे भाऊ. चौथ्या गिअरमध्ये वरच्या आरपीएमला रोलर १८०-१९० च्या वेगानं फिरतो. रस्त्यावर त्या वेगाला जेवढी हवा लागते त्याचा छोटा भागसुद्धा कूलर देत नाही. तुमच्या इंजिनात इंटरकूलर इंटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय, पाण्यावर चालणारा. त्याचं पाणी थंड करायला समोर वेगळा छोटा रेडिएटर आणि वेगळा इलेक्ट्रिक पंप. समोरून जोराची हवा नसली की एक-दोन रनमध्ये ते पाणी तापते, मग इंटेकचं तापमान चढते आणि ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. तिसरा रन ५-६ पीएसनं कमी आला की लोक मॅपला दोष देतात, दोष पंख्याचा असतो. मोठा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, डक्ट थेट जाळीवर, बॉनेट बंद. उघडं बॉनेट फोटोत छान दिसते, पण हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी वरून निघून जाते. दोन रनच्या मध्ये इंजिन सुरू, पंखा सुरू, आणि इंटेक तापमान पहिल्या रनच्या सुरुवातीला होतं त्याच्या ३ अंशांच्या आत आलं की पुढचा रन.

आता बांधणी. फ्रंट व्हील ड्राइव्ह रोलरवर बांधायला जास्त कठीण, कारण वळणारी चाकंच रोलरवर असतात. मागे हँडब्रेक आणि दोन्ही चाकांना दोन्हीकडून ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळे). पुढे दोन रॅचेट पट्टे बाहेरच्या बाजूला तिरपे, गाडी डावी-उजवी सरकू नये म्हणून. मागे दोन. हुक लोअर आर्मवर किंवा टो हुकवर, ड्राइव्ह शाफ्टला, ब्रेक होसला किंवा अँटीरोल बारच्या लिंकला कधीच नाही. आधी ३०-४० च्या वेगानं हळू फिरवून गाडी सरळ बसली का बघायचं, मग पट्टे शेवटचे आवळायचे. पट्टा किती दात आवळला ते मोजून लिहून ठेवा. जास्त आवळलं की टायर रोलरवर दबतो, रोलिंगचा तोटा वाढतो, आकडा कमी येतो. आधीचा रन घट्ट पट्ट्यांवर आणि नंतरचा सैलवर घेतला तर रिमॅप न करताच दोन-तीन पीएस ‘वाढतात’.

टायर थंड असताना हवा ३५ पीएसआय, दोन्ही वेळा तीच. खडे काढा, ते रोलरवरून गोळीसारखे उडतात. रिमोल्ड टायर घेऊन रोलरवर चढूच नका. टायरच्या बाजूला स्पीडचं अक्षर बघा : टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, एस म्हणजे १८०. दोन लहान रोलरच्या मध्ये टायर बसतो तो प्रकार असेल तर टायर जास्त तापतो, सलग चार-पाच रन घेऊ नका.

गाडीत ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) असेल तर बंद. मागची चाकं थांबलेली आणि पुढची १५० वर हे दिसलं की ईसीयू ताकद कापतो. काही गाड्यांत बटण दाबूनही पूर्ण बंद होत नाही, मग डायग्नोस्टिक टूलनं डायनो मोड लागतो.

नेण्याआधी : फॉल्ट कोड वाचून घ्या, ऑइल आणि कूलंट पातळीवर, ड्राइव्ह शाफ्टचे बूट फाटलेले नकोत, इंजिन माउंट बघा. इंटेकचे पाइप आणि क्लिप हातानं हलवून बघा, बूस्ट लीक असली तर मॅपनं ती झाकली जात नाही, टर्बो जास्त फिरते एवढंच. टाकीत निम्मं पेट्रोल, तेही दोन्ही वेळा एकाच पंपावरचं. रिझर्व्हवर आणू नका.

एक गोष्ट मात्र वरच्या उत्तराला जोडून. तुलनेसाठी सकाळी सहा-सातची वेळ चांगली, ३० च्या आत-बाहेर असते. पण मॅप सकाळीच पास करून घेऊ नका. गाडी तुम्ही दुपारी तीनला वर्धा रोडच्या सिग्नलवर उभी करणार आहात आणि तिथून समृद्धीवर घालणार आहात. सकाळी गप्प बसलेलं इंजिन ४४ ला नॉक करू शकते, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकून टकटक होते. तुलना सकाळी, परीक्षा दुपारी.

वर्धारोड_टीएसआय

फार उपयोगी. नॉकबद्दल जरा सविस्तर सांगा. रन चालू असताना लॅपटॉपवर नेमकं काय बघायचं आणि कुठे थांबवायचं? आणि ट्यूनरला ग्राफशिवाय अजून काय मागायचं?

नॉक_आणि_लॅम्बडा

ग्राफ एका मिनिटात बघून होतो. खरी माहिती लॉगमध्ये असते, तोच मागा. रॉ फाइल, स्क्रीनशॉट नको. त्यात आरपीएम, पेडल, थ्रॉटल प्लेट, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या इंधनाचा दाब), इग्निशन टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचा रिटार्ड (नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग), इंटेक तापमान आणि लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे पूर्ण ज्वलनाला नेमकं, त्याखाली इंधन जास्त) हवेत. सगळे एकदम घेतले की काही टूल्स फार हळू नोंदतात, तेव्हा दोन गटांत दोन रन घ्या.

रिटार्ड असा वाचायचा. एखाद-दुसरा अंश कधी या, कधी त्या सिलिंडरवर आला तर चालतं, ईसीयू कड चाचपतोय. तिन्हींवर ४-५ अंश आणि प्रत्येक रनला त्याच आरपीएमला येत असेल तर टायमिंग जास्त आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. एकाच सिलिंडरवर येत असेल तर मॅपकडे नंतर बघा, आधी त्याचा प्लग, कॉइल, कार्बन.

टायमिंग वाढवायचं ते १ अंशानं, दर वेळी टॉर्क बघून. अंश वाढवूनही टॉर्क वाढत नसेल तर तो अंश परत घ्यायचा, नुसती उष्णता आणि दाब वाढतो. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर लहान टर्बो इंजिन सर्वोत्तम टायमिंग गाठायच्या आधीच नॉकला लागतं, म्हणून तिथे कडेपासून २ अंश मागे राहावं, आपल्या उन्हाळ्यासाठी ते लागतातच. महागडं ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल घालून बनवलेला मॅप तेच पेट्रोल रोज मिळणार असेल तरच घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडे जाताना मिळेल ते भरावं लागतं.

मिश्रणाबद्दल लॅम्बडातच बोला. ई२० चं पूर्ण ज्वलनाचं गुणोत्तर १३.५ च्या जवळ, शुद्ध पेट्रोलचं १४.७. मीटर १४.७ वर सेट असतो आणि १२.५ दाखवतो, लोक त्यावरून भांडतात. लॅम्बडा ०.८५ म्हटलं की इंधन कोणतंही असो, अर्थ तोच. तुमच्यासारख्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर ०.८० ते ०.८८. रनच्या मध्येच ०.९५ कडे सरकायला लागला तर त्याच क्षणी पेडल सोडायचं. त्या वेळी रेल प्रेशर मागणीच्या खाली पडलं असेल तर पंपाची हद्द झाली, बूस्ट कमी करायचा. लॅम्बडाचा प्रोब सायलेन्सरच्या टोकातून घालत असतील तर निदान ३०-४० सेंटिमीटर आत हवा, नाहीतर बाहेरची हवा मिसळून मिश्रण पातळ दिसतं. सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी तेच.

पेडल १०० टक्के आणि थ्रॉटल प्लेट ६०-७० वर बंद होतेय, असं दिसलं तर ईसीयू टॉर्कच्या एखाद्या मर्यादेला धडकतोय. म्हणजे मॅप अर्धवट केलाय. बूस्टचा आकडा वाढवला, बाकीची कोष्टकं जुळवली नाहीत.

ग्राफवर करवतीसारखे दात दिसले तर दोन शक्यता : मिसफायर किंवा घसरणं. आरपीएम भागिले रोलरचा वेग काढा. चौथ्या गिअरमध्ये हा भागाकार रनभर एकच राहायला हवा. तो एकच असून टॉर्क खाली-वर होत असेल तर मिसफायर. वाढलेल्या बूस्टला ठिणगी विझते, प्लगची गॅप ०.६५-०.७ मिलिमीटरवर आणून बघा. भागाकार वाढत असेल तर टायर किंवा क्लच. टॉर्क जिथे शिगेला आहे तिथेच वाढत असेल आणि पट्टे, टायर ठीक असतील, तर क्लच स्लिप मारतोय. मूळ क्लच १७५ एनएमच्या इंजिनाचा आहे, २२० ला तो जुना असेल तर पुरणार नाही. वास येईपर्यंत थांबू नका.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट, आणि ग्राफ इथेच दिशाभूल करतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या लहान टर्बोवर १६००-१८०० ला भरपूर टॉर्क चढवला की ग्राफ डोंगरासारखा सुंदर दिसतो, पण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका तिथेच असतो. तो साध्या नॉकसारखा नाही. एका झटक्यात पिस्टनची रिंग-लँड तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो, रिटार्ड करायला ईसीयूला वेळच मिळत नाही. म्हणून शिगेचा टॉर्क २२०० च्या पुढेच येऊ द्या, आणि ब्रेकवाल्या डायनोवर १५००-२००० च्या पट्ट्यात फुल थ्रॉटलला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू देऊ नका. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीनं मान्य केलेलंच हवं.

थांबायच्या खुणा : इंटेक ६० च्या वर, कूलंट १०५ च्या वर, बूस्ट मागणीच्या ०.१५ बार वर उसळतोय, लॅम्बडा पातळ, किंवा कानाला टकटक. शेडमधून धूर बाहेर काढायची पाइप नसेल तर रन घेऊच नका. इंजिन स्वतःचाच धूर परत ओढतं आणि ताकद पडते, ते एक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ते मोठं.

सदर_डिझेल

याच धाग्यात विचारतो. डिझेल स्विफ्टला मधे लावायची ‘चिप’ डायनोवर १५ पीएस वाढवून दाखवतात. ते खरं असतं का?

लोडसेल_आणि_रोलर

वाढतात, पण कशामुळे ते बघा. ती डबी रेल प्रेशरच्या सेन्सरला खरा दाब कमी आहे असं भासवते, ईसीयू दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं. ईसीयूला खरा दाब माहीतच नसतो, त्यामुळे त्याची सुरक्षेची मर्यादाही चुकते. इंजेक्शनची वेळ आणि बूस्ट तसेच राहतात, म्हणून काळा धूर आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. डायनोवर टर्बोच्या आधी थर्मोकपल लावून बघा. ७५०-८०० च्या वर सलग राहत असेल तर टर्बो आणि पिस्टन दोन्ही धोक्यात. १० सेकंदांच्या रनमध्ये ते कळत नाही, चढावर भरलेल्या गाडीत कळतं. डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) असलेल्या बीएस६ गाडीत हा धूर थेट फिल्टरमध्ये साठतो. फिल्टर काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि हवेसाठीही वाईट आहे.

पोलोवाल्यांसाठी अजून थोडं. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत फ्लॅश केल्याची (ईसीयूत नवी फाइल टाकल्याची) नोंद राहते, वॉरंटीच्या यंत्रणेत टीडी१ म्हणून खूण पडते आणि मूळ फाइल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. हे धरूनच ठरवा.

वर्धारोड_टीएसआय

समजलं. ट्यूनरला विचारून घेतलं : डायनो एडी करंटचा आहे, लॉगची रॉ फाइल देतो, अनकरेक्टेड छापतो. शनिवारी सकाळी ६ ला आधीचे तीन रन. ते आपसात किती जुळले तर ठीक मानायचं?

रॅचेट_भाऊ

तिन्ही एकमेकांच्या १ ते दीड टक्क्यात. म्हणजे चाकावर ९५ असेल तर ९४.५ ते ९५.५ छान, ९३ आणि ९७ आले तर गाडी खाली उतरवून पट्टे, हवा, इंटेक तापमान पुन्हा तपासा. पाया डळमळीत असताना मॅप टाकायला देऊ नका. आणि पट्टे न सोडता, त्याच टायरवर, मॅप टाकून लगेच पुढचे तीन. दुपारी साडेतीनला परत या, दोन रन घ्या, फक्त रिटार्ड आणि इंटेक तापमान बघा. तेव्हा रिटार्ड ३ अंशांच्या आत राहिला तर मॅप नागपूरसाठी आहे. नाही राहिला तर तिथेच दीड-दोन अंश मागे घ्यायला लावा, ४-५ पीएस गेले तरी जाऊ द्या. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नका.